बाळंतपण मे महिन्यात बसवता येत नाही

परवा रात्री साडेनऊला आमच्याच तालुक्यातल्या एका मॅडमचा फोन आला. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान आहे, मागच्याच वर्षी आंतरजिल्हा बदलीने आलीय, इकडच्या पावसाची पण अजून सवय नाही तिला. आधी इकडचं तिकडचं बोलली, चाचणीचे गुण भरले का, केंद्र संमेलन कधी आहे वगैरे, आणि मधेच एकदम रडायलाच लागली. पाचवा महिना लागलाय आणि शाळेत अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सैल ड्रेस घालते, ओढणी पसरून घेते, मळमळ झाली की पित्त झालंय म्हणते. "ताई, सरांना कसं सांगू? म्हणतील आली नाही तोवर निघाली."

पहिलं मूल, घरात सगळे आनंदात, सासूबाई फोनवरून काय खा काय नको ते सांगतायत, आणि ही पोरगी शाळेत काहीतरी गुन्हा केल्यासारखी वावरतेय. मला त्या रात्री झोप नाही लागली कारण दोन वर्षांपूर्वी मी पण अशीच वावरत होते. म्हणून आज लिहिते. लांब होईल, चालेल.

माझी शाळा पाटण तालुक्यात, वाडीवरची. पहिली ते चौथी, पट तेव्हा 23, मी आणि एक सर. शिक्षण हक्क कायद्यानं 60 पटापर्यंत दोनच शिक्षक, त्यामुळे आमच्यासारख्या द्विशिक्षकी शाळा सगळ्या डोंगरी तालुक्यांत आहेत. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. एक जण रजेवर गेला की दुसऱ्याकडे चार वर्ग, शिवाय पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, आणि ती माहिती 'आजच्या आज द्या' म्हणून ग्रुपवर येणारे मेसेज.

2023 च्या जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मला नुकतंच कळलं होतं. पाटणमध्ये खोली करून राहायचे, मिस्टर पुण्याला कंपनीत, माहेर बार्शी. एसटी फाट्यावर सोडते, तिथून दोन किलोमीटर चढ, जुलैमध्ये धुकं असं की पुढचा माणूस दिसत नाही आणि शेवाळावर पाय सटकतो. मी रोज एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातानं पोट धरून चालायचे, तिसऱ्या महिन्यात पोट दिसत पण नाही तरी हात आपोआप तिथेच जायचा.

आमच्याकडे खिचडी वर्गाला लागूनच शिजते. साडेअकराला मोहरी तडतडली आणि मसाल्याचा वास वर्गात शिरला की मला उलटी यायचीच, खडू टाकून मागच्या टाकीपाशी पळायचे. पोरांना वाटायचं बाई आजारी आहेत. पहिलीतल्या एका मुलीनं तर चार दिवसांनी काय केलं, साडेअकराच्या आधीच खिडकीत पाण्याचा ग्लास भरून ठेवला आणि माशी बसू नये म्हणून वर स्वतःची पाटी झाकली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. पाऊस असो नसो, श्रावण संपेपर्यंत रोज तो ग्लास तिथे असायचा. एक दिवस जवळ येऊन हळूच विचारलं, "बाई, तुमच्या पोटात बाळ हाय व्हय?" मी हो म्हणले. म्हणजे शाळेत पहिल्यांदा मी ही बातमी सांगितली ती सहा वर्षांच्या मुलीला. मोठ्या माणसांना सांगायची हिंमत त्यानंतर दीड महिन्यानं आली.

आणि सांगितलं तेव्हा काय ऐकलं, तर "अभिनंदन मॅडम" आणि त्याच श्वासात "फेब्रुवारी म्हणजे नेमकं वार्षिकच्या तोंडावर की हो, थोडं मे महिन्यात बसवायचं ना." बोलणारा माणूस वाईट नव्हता, वरिष्ठ होते, हसत म्हणाले, पण मी घरी जाऊन रडले. लग्नानंतर पाच वर्षांनी राहिलं होतं मला. डॉक्टर, तपासण्या, गोळ्या, कराडच्या चकरा, हे सगळं त्यांना माहीत नव्हतं आणि मी का सांगावं? मूल काय वार्षिक नियोजनात लिहायची गोष्ट आहे का? एखाद्या पुरुष शिक्षकाचं ऑपरेशन डिसेंबरमध्ये निघालं तर त्याला कुणी म्हणत नाही की सुट्टीत काढायचं होतं.

बरं, मे महिन्यात बसवलं तरी काय होतं ते पण सांगते, कारण लोकांना वाटतं शिक्षकांना काय सुट्ट्याच सुट्ट्या. प्रसूती रजा सलग 180 दिवस. राज्य सरकारच्या 1981 च्या रजा नियमांत आहे, हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर मिळते, पूर्ण पगारी, आणि रजेच्या खात्यातून वजा होत नाही. पण सलग म्हणजे सलग, मधली उन्हाळी सुट्टी त्यातच जाते. माझी डेट 12 फेब्रुवारी होती. 1 फेब्रुवारी 2024 पासून रजा टाकली, लीप वर्ष होतं म्हणून फेब्रुवारीचे 29 धरून 29 जुलैला 180 पूर्ण, 30 जुलैला हजर. मे आणि अर्धा जून तर तशीही सगळ्या शिक्षकांना सुट्टीच असते. म्हणजे शाळेच्या कामाच्या दिवसांत मी नव्हते ते साडेचार महिने, पण ऐकताना 'सहा महिने घरी बसल्या' असंच ऐकायला लागतं.

मी 1 फेब्रुवारीपर्यंत शाळेत का गेले, तर बाळ झाल्यावर जास्त दिवस मिळावेत म्हणून. सगळ्याच जणी हेच करतात, कॅलेंडर घेऊन बसतात, दिवस मोजतात, आधीचे जितके वाचतील तितके नंतर अंगावर पाजायला मिळतील हा हिशोब. त्यामुळे आठवा महिना संपेपर्यंत फळ्यासमोर उभ्या असतात. माझे पाय संध्याकाळी असे सुजायचे की चपलेच्या पट्ट्याचा वळ रात्री झोपताना पण दिसायचा. वर्गात खुर्ची होती, पण एकदा भेटीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात 'शिक्षिका बसून अध्यापन करताना आढळल्या' लिहिलं, ते पण सातव्या महिन्यात. मग मी बसायचंच सोडलं. चूक केली, आज सांगते, बसायला हवं होतं आणि शेऱ्याखाली माझं म्हणणं लिहायला हवं होतं. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात सरळ लिहिलं होतं की डेटच्या आधीचे सहा आठवडे आणि त्याच्याही आधीचा एक महिना, या काळात बाईनं मागणी केली तर तिला जास्त वेळ उभं राहायचं काम देऊ नये. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिलं त्यांना कळत होतं की उभं राहणं हे पण काम आहे.

लघवीचं पण बोलायलाच हवं, कुणी बोलत नाही म्हणून. शाळेत एक शौचालय, पाणी बादलीनं न्यायचं, आणि दोन वर्ग सोडून जायचं म्हणजे पोरं रस्त्यावर. म्हणून पाणीच कमी प्यायचे. सहाव्या महिन्यात इन्फेक्शन झालं, ताप आला, पाच दिवस सलाईन. डॉक्टर ओरडल्या की मॅडम तुम्ही शिकलेल्या ना. शिकलेली आहे हो, पण माझ्या जागी वर्गात दहा मिनिटं उभं राहायला दुसरं माणूस नव्हतं.

त्यातच जानेवारी 2024. 23 तारखेपासून मराठा सर्वेक्षण सुरू झालं, घरोघर जाऊन ॲपमध्ये माहिती भरायची, आणि प्रगणकांच्या यादीत माझं नाव. सदतिसावा आठवडा. नाव वगळा म्हणून अर्ज दिला तर सोनोग्राफीचा रिपोर्ट जोडा म्हणाले, रिपोर्ट जोडला तर सक्षम अधिकाऱ्याची सही आणा. पोट समोर दिसत असताना कागद मागत होते. शेवटी आमचे सर माझ्या जागी गेले, म्हणजे स्वतःचा भाग संपवून माझा पण केला, रात्री दहा-दहापर्यंत. सर्वेक्षण हवं का नको यात मी पडत नाही, लोकांसाठी ते महत्त्वाचं होतं. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं सांगितलीत, आणि यादी करताना कोण गरोदर आहे एवढं तरी बघावं की नाही.

सर चांगले होते म्हणून निभावलं. आणि माझं खरं दुखणं इथेच आहे. मी गेल्यावर सर एकटे चार वर्ग, 23 पोरं. शेजारच्या शाळेतून एका शिक्षकाची कामगिरी काढली, म्हणजे तात्पुरतं आमच्याकडे पाठवलं, ते पण आठवड्यातून दोन दिवस, पंधरवड्यानं ती पण बंद, कारण तिकडे पण दोनच शिक्षक. मी निघताना प्रत्येक मुलाचं एक पान अशी वही करून दिली होती, कोण काना-मात्रा चुकतं, कुणाची वजाबाकी हातच्याला अडते, कुणाला पुढे बसवायचं कारण लांबचं दिसत नाही. दुसरीतला एक मुलगा रफारावर अडला होता, 'सूर्य' चा 'सुरय' वाचायचा, दोन आठवडे मिळाले असते तर सुटला असता. 30 जुलैला परत आले तेव्हा तो तिसरीत गेला होता आणि 'सुरय'च वाचत होता. सरांकडे वेळच नव्हता त्याच्यासाठी एकट्यासाठी.

मुलांचं नुकसान होतं, खोटं कशाला बोलू. पण ते नुकसान मी बाळंत झाले म्हणून नाही झालं, पाच महिने आधी माहीत असलेल्या गोष्टीची सोय कुणी केली नाही म्हणून झालं. अपघात अचानक होतो, बाळंतपणाची तारीख तर डॉक्टर आठव्या आठवड्यातच लिहून देतात! मी सप्टेंबरमध्ये लेखी कळवलं होतं, फेब्रुवारीपर्यंत पाच महिने होते. खाजगी अनुदानित शाळांत रजेच्या जागेवर तेवढ्यापुरती नेमणूक हा प्रकार जुना आहे, आमच्याकडे तालुक्याला चार-पाच रजा राखीव शिक्षक ठेवले तरी काम भागेल. डीएड, टीईटी झालेली पोरं-पोरी घरी बसलीत गावोगाव. ही सोय झाली असती तर माझ्या मैत्रिणीला ओढणी पसरून फिरायला लागलं नसतं, कारण तिची खरी भीती रजेची नाहीच, तिला सरांच्या डोक्यावर चार वर्ग टाकून जायचं वाटतंय. बाईच्या मनातल्या या अपराधीपणावरच शाळा चालू ठेवलीय सगळ्यांनी.

आणि आम्ही तरी सरकारी. माझ्या डीएडच्या वर्गातली एक जण पुण्यात खाजगी इंग्लिश मीडियमला आहे, तिला सहाव्या महिन्यात ऑफिसात बोलावून सांगितलं की आत्ता राजीनामा द्या, जूनमध्ये जागा असेल तर बघू. कायदा 2017 पासून 26 आठवडे पगारी रजा देतो, आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की पुरे, आणि या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदेशीर. शाळावाल्यांना हे माहीत असतं, म्हणून तर काढत नाहीत, राजीनामा लिहून घेतात. तिनं दिला. नऊ वर्षांची नोकरी. केरळनं खाजगी शाळांतल्या शिक्षिकांना या कायद्यात आणायची वेगळी अधिसूचना काढली, तसं स्वच्छ आपल्याकडे पण लिहून काढा ना. तासिका तत्त्वावरच्या मॅडमचं तर काय बोलायचं, तास घेतला तर पैसे, बाळंतपणात तास नाही आणि पैसे पण नाहीत.

2025 च्या 23 मेला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तो वाचा सगळ्यांनी. तमिळनाडूतली सरकारी शाळेतली इंग्रजीची शिक्षिका, पहिल्या लग्नाची दोन मुलं, दुसऱ्या लग्नानंतर मूल झालं तर दोन अपत्यांच्या नियमावर बोट ठेवून रजा नाकारली. कोर्टानं सांगितलं, प्रसूती रजा हा मातृत्वाच्या हक्काचा आणि बाईच्या प्रजनन हक्काचा भाग आहे. खंडपीठावर आपल्या ठाण्याचे न्यायमूर्ती अभय ओक होते, दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले. एका शाळेतली बाई एवढ्या वरपर्यंत गेली, नाहीतर आम्ही शेरेबुकाच्या एका ओळीला घाबरतो.

माझ्याकडून झालेली अजून एक चूक सांगते, ती तुम्ही करू नका. मी अर्ज दिला पण पोच घेतली नाही, ओळखीची माणसं म्हणून. मग अर्ज सापडेना, मंजुरीचा आदेश निघेना, आणि तीन महिने पगार अडकला. ओली बाळंतीण, टाके ओढतायत, मांडीवर लेक आणि कानाला फोन, क्लार्कला विनवतेय. आईनं तेव्हा स्वतःच्या पाटल्या मोडू का म्हणून विचारलं होतं. आता लेक दीड वर्षाची आहे, धावते, पण ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. बालसंगोपन रजेचे 180 दिवस 2018 पासून आहेत, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत कधीही घेता येतात, पण मागायला गेलं की परत तोच प्रश्न, तुमच्या जागी कोण?

मैत्रिणीला मी परवा फोनवरच अर्ज सांगितला, शब्द न शब्द. अपेक्षित तारीख, डॉक्टरांचा दाखला, आणि खाली एक वाक्य जास्तीचं, 'माझ्या रजा कालावधीत पर्यायी शिक्षकाची व्यवस्था करण्यात यावी ही विनंती.' दोन प्रती. सरांना पण सांगून टाक म्हणलं, लपवून चार वर्ग कमी होणार नाहीत. काल दुपारी तिचा फोटो आला, अर्जावर आवक क्रमांक, शिक्का आणि सही. सर काय म्हणाले विचारलं तर म्हणे आधी काही बोललेच नाहीत, मधल्या सुट्टीत ऑफिसातली हात असलेली खुर्ची उचलून तिच्या वर्गात ठेवून गेले.