पक्षी धडकला तर काय करायचं, हे हातांना शिकवा

माझ्या पहिल्या सोलोच्या, म्हणजे विमान एकट्यानं उडवण्याच्या, आधीची गोष्ट. मी डावीकडच्या सीटवर, शेजारी शिकवणारे सर. धावपट्टीसमोर येऊन उतरायला लागलो होतो, उंची पाचशे फुटांच्या आसपास. समोर एक करडा ठिपका दिसला आणि काही कळायच्या आत डाव्या पंखावर धप्पकन आवाज झाला. मी मान खाली घातली. मानेबरोबर हातही पुढे गेले आणि विमानाचं नाक खाली झुकलं. सरांनी योक (नाक वर-खाली करायचं हँडल) मागे ओढून धरला, एवढंच म्हणाले, "आधी विमान सांभाळ."

उतरल्यावर पाहिलं. पंखाच्या पुढच्या कडेला तळहाताएवढा पोचा, आणि एका रिव्हेटला चिकटलेलं इवलंसं पीस. चार-पाच हात उजवीकडे असता, तर तो पक्षी काच फोडून आमच्या तोंडावर आला असता.

इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे आमच्याकडून घोटून घेतात. सर न सांगता थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेतात, आम्ही उतरायला मोकळं शेत शोधतो, पन्नास वेळा. पक्ष्याचा विषय मात्र वर्गात पाच मिनिटांत उरकतो. हे चुकतंय, असं माझं ठाम मत आहे.

मोठ्या प्रवासी विमानाची पुढची काच १.८ किलोच्या पक्ष्याची धडक सोसेल, हे सिद्ध केल्याशिवाय विमानाला मान्यताच मिळत नाही. आम्ही शिकतो त्या एका इंजिनाच्या छोट्या विमानांना अशी अटच नाही. समोर असते ती काही मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिक काच. जेट असलं तरी सुटका नाही. ४ मार्च २००८ ला अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीजवळ सेसना सायटेशन हे छोटं जेट उड्डाणानंतर लगेच पेलिकनांना धडकलं. पंख इतका दुखावला की विमान हाताबाहेर गेलं. आतले पाचही जण गेले.

आपल्या हातात काय आहे? पहिली गोष्ट वेग. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून १०० नॉटवरून (नॉट हे विमानाच्या वेगाचं एकक) ८० वर आलात तर तो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरतो. खाली, पक्ष्यांच्या उंचीवर, उगाच पळवू नका. लँडिंग लाइट लावा. पक्षी दिसला आणि वेग पुरेसा असेल तर वर चढा, कारण घाबरलेला पक्षी बहुतेक वेळा खाली सूर मारतो. जमिनीजवळ वेग कमी असताना मात्र योक खेचू नका. स्टॉल, म्हणजे पंखांनी विमान उचलून धरणंच सोडणं, पक्ष्यापेक्षा वाईट.

आणि काच फुटलीच तर? वारा तोंडावर आदळतो, रेडिओ ऐकू येत नाही, डोळ्यांत रक्त की पिसं ते कळत नाही. अशा वेळी हात आपोआप चालायला हवेत: नाक क्षितिजावर, वेग कमी, पंख समतल, बोलणं नंतर. इन्स्ट्रक्टर मंडळींना कळकळीची विनंती आहे. सुरक्षित उंचीवर कधीतरी अचानक "पक्षी! काच गेली!" असं ओरडा, हेडसेट काढायला लावा, आणि पोरगं मान खाली घालताना हात स्थिर ठेवतं का ते बघा. माझे राहिले नव्हते.