लसणीच्या अख्ख्या पाकळ्या गिळून जुलाब थांबतात?

पाऊस लागला की आमच्या म्हापशाच्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज अळमीसारखा उगवतोच: "लसूण अँटीबायोटिकपेक्षा १०० पट पॉवरफुल! उपाशीपोटी तीन अख्ख्या पाकळ्या गिळा, जुलाबाचे जंतू खलास, ओआरएसची गरज नाही."

आता तो १०० पटवाला आकडा हवेतला नाहीये, म्हणून तर लोक फसतात. २०१२ साली अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत लसणीतलं डायअलाइल सल्फाइड कॅम्पिलोबॅक्टरवर वापरून बघितलं, हा जुलाबाचा जंतू चिकट थर करून बसतो आणि त्या थरावर ते दोन अँटीबायोटिकांपेक्षा १०० पट भारी पडलं. पण कुठे, तर लॅबमधे. आणि त्या लोकांच्या डोक्यात होतं ते खाण्याचे पदार्थ टिकवणं, ते बनवतात त्या जागा साफ ठेवणं. पेशंटला लसूण चारून बघितलीच नव्हती.

अख्खी पाकळी गिळायची आयडिया तर कमालच. लसणीत जंतू मारणारं ॲलिसिन तयार नसतंच हो, ज्यापासून ते बनतं ते ॲलिइन एकीकडे आणि ॲलिनेज एन्झाइम दुसरीकडे, पाकळी ठेचली-चावली की दोन्ही मिसळतात, तो उग्र वास सुटतो ना, तेव्हा बनतं. अख्खी गिळलीत तर पोटातल्या ॲसिडने एन्झाइमच बाद होतं. त्यापेक्षा आईच्या चटणीत जास्त दम आहे!

लसूण जंतू मारते हे खरंय, ई. कोलाय, साल्मोनेला, शिगेला, सगळ्यांवर लॅबच्या बशीत चालते. पण पोरांचे जुलाब बऱ्याचदा रोटाव्हायरससारख्या व्हायरसचे असतात, तिथे हा बॅक्टेरियाचा हिशोबच लागू नाही.

आणि "ओआरएसची गरज नाही", याच्यावर माझं डोकं फिरतं. जुलाबात माणूस जातो तो अंगातलं पाणी नि मीठ गेल्याने. १९७१ला पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी, म्हणजे ओआरएसच, ड्रम भरभरून पाजायला लावलं आणि ३० टक्क्यांच्या घरातले मृत्यू चारच्या खाली आले. लसणीच्या नावावर असलं काही आहे का?

तेव्हा पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ओआरएस कालवा, घोटघोट पाजत राहा, पेज द्या, लहान पोराला झिंक डॉक्टरांना विचारून. शौचातून रक्त पडलं, लघवी बंद झाली, पोर मलूल पडलं तर ग्रुपवर विचारत बसू नका, गाडी काढा. लसूण सोलकढीत घाला की मस्त ठेचून, जुलाब थांबल्यावर.