जेवून उठलेली माणसं

सोलापूरच्या सात रस्ता चौकात सिग्नल सुटला, मी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि गाडीने नुसता काळा धूर सोडला. मागच्या स्कूटीवरच्या आजींनी नाकाला पदर लावून माझ्या खानदानाची चौकशी केली. रिक्षा गेली, सायकल गेली, शेवटी म्हैससुद्धा पुढे गेली. म्हैस मी वाढवून सांगतोय, सायकल खरी.

"ईजीआर अडकलाय मालक," मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला. म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा वळवायचा, कूलरमधून गार करायचा आणि एका व्हॉल्व्हमधून परत इंजिनातच सोडायचा. आपलाच धूर आपणच गिळायचा! बाहेर ४४ डिग्री. मला वाटलं, याला ऊन लागलंय.

"असं बगा, जेवून उठलेली माणसं परत पंगतीला बसवायची. जागा अडवत्यात, पण खात न्हाईत."

जळलेल्या धुरातला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ पुन्हा पेटत नाहीत, उलट उष्णता पिऊन घेतात. ऑक्सिजनही कमी पडतो, जाळ मवाळ होतो. एरवी हवेत ७८ टक्के असूनही नायट्रोजन कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण जाळ फार भडकला की तोही ऑक्सिजनशी सोयरीक करतो आणि विषारी ऑक्साइड बाहेर पडतात. ते टाळायला ही खटपट. फक्त गाडीला पूर्ण जोर हवा असेल तेव्हा व्हॉल्व्हने मिटायचं असतं. माझ्या पंगतीतली माणसं उठायलाच तयार नव्हती.

त्याने व्हॉल्व्ह खोलून स्क्रूड्रायव्हरने खरवडला. काजळी आणि ऑइलची वाफ मिळून झालेला चिकट, काळा लगदा. मी बोट लावून बघितलं. तीन दिवस भाकरी डाव्या हाताने मोडली.

"पत्रा ठोकून बंदच करू का? लई जण करत्यात."

मोह झाला. पीयूसीत डिझेलचा धूर किती दाट एवढंच बघतात, सापडलो नसतो. पण त्या ऑक्साइडपासून उन्हात छातीला त्रास देणारा ओझोन तयार होतो, आणि ऊन आमच्याकडे कधी कमी पडलंय? साफच कर म्हटलं.

"गाडी फिरती कुठं?"

"घर ते ऑफिस. दोन किलोमीटर."

"मग इंजिन तापतंय कधी? काजळी धरणारच की ओ! लांब न्या अधनंमधनं."

हे मी घरी सांगायला नको होतं. मागच्या रविवारी तुळजापूर झालं, त्याआधी पंढरपूर. डिकीत कडक भाकरी, शेंगाचटणी. मागच्या सीटवर सासूबाई.

"जावईबापू, तुमचा तो ईजीआर गाणगापूरला नेला तर अजून सुधारेल का हो?"