हप्ता म्हणजे घर नव्हे!

"काय ओ, अजून भाड्याच्याच घरात? भाड्याएवढ्या हप्त्यात स्वतःचं होतंय की!" बेळगावच्या वडगावात कुठल्याही लग्नाला जा, कुणीतरी हे ऐकवतंच. दिवाळीनंतर घर घेतलं आणि आता हे वाक्य कानावर पडलं की डोकं फिरतं.

तेवढ्यात होत नाही! 30 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं. हप्ता 26,035 रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले 21,250 नुसते व्याजात गेले, मुद्दल फिटलं 4,785. त्या रात्री बायको आणि मी तो कागद कितीतरी वेळ बघत बसलो. नोंदणी फी तर कर्नाटकात 31 ऑगस्ट 2025 पासून 1 टक्क्याची 2 टक्के झालीय. मुद्रांक शुल्क वेगळंच.

मग ई-खाता, म्हणजे महापालिकेतली मालमत्तेची ऑनलाइन नोंद. उतारा कन्नडमध्ये. वडिलांचं नाव चुकलंय, हे शेजाऱ्यांनी वाचून दाखवल्यावर कळलं. तीन पिढ्या इथं काढलेल्या माणसांनी स्वतःच्या घराचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा? याचा फार राग येतो.

आणि वळवाच्या एकाच पावसात देवघराच्या भिंतीवर ओल उतरली. पोपडे हातात आले. भाड्याच्या घरात मालकाला फोन केला असता, आता मालक मीच. घरपट्टीला एप्रिलमध्ये 5 टक्के सवलत मिळते म्हणून तीही तेव्हाच भरलेली, पोरीची फीही तोंडावर. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला पैसे आणायचे कुठून? लग्नात बोलणाऱ्यांपैकी एकानंही यातलं काही आधी सांगितलं नव्हतं.