पर्समधला कॅमेरा आणि रंगांना सुट्टी

ब्लॅक अँड व्हाईट फोटो टाकला की कमेंटमध्ये दोन प्रकारची माणसं हमखास येतात. एक म्हणतात, "वा, जुन्या आठवणी जाग्या झाल्या!" फोटो गेल्या रविवारचा असतो, त्यात मोबाइलवर रील बघत बसलेला पोरगा असतो, तरी आठवणी जाग्या होतात. दुसरे म्हणतात, "रंगीतच काढायचा ना, नंतर ॲपमध्ये करता येतो की!" पहिल्यांना मी बदाम देऊन मोकळी होते. दुसऱ्यांशी मात्र मला आज सविस्तर भांडायचंय.

नंतर करता येतो, हे खरंच आहे. गंमत म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर मुळात रंगांधळाच असतो. कुठल्या ठिपक्यावर किती उजेड पडला, एवढंच त्याला कळतं. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर बसवायची युक्ती काढली, 1976 मध्ये तिचं पेटंट निघालं, आणि आजही बहुतेक कॅमेरे नि मोबाइल शेजारपाजारच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधतच रंग रचतात. तेव्हा रंग आधी घालवले काय नि नंतर घालवले काय, फाइलला फारसा फरक पडत नाही. फरक मला पडतो, आणि सगळा वाद तिथेच आहे.

माझ्याकडे एक सेकंडहँड छोटा कॅमेरा आहे. झूम नाही, डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही, 28 मिलिमीटरच्या हिशोबाची, म्हणजे बरंचसं रुंद दृश्य एकदम घेणारी एकच लेन्स. पर्समध्ये चष्म्याच्या डबीशेजारी मावतो. तो मी कायम मोनोक्रोमवर ठेवते, म्हणजे मागच्या स्क्रीनवरही रंग दिसत नाहीत. आता हा घेऊन मंडईत जा. (पुण्याची, महात्मा फुले मंडई. 1886 सालची दगडी इमारत, वरून उजेड काय सुरेख उतरतो आत!) रंगीत फोटो काढणारा माणूस टोमॅटोच्या ढिगापाशी थांबतो. लालभडक टोमॅटो, बाजूला हिरवीगार ढोबळी मिरची, झाला फोटो. माझ्या स्क्रीनवर ते दोन्ही ढीग जवळपास एकाच करड्या रंगाचे. कुठे टोमॅटो संपले नि कुठे मिरची सुरू झाली, पत्ता लागत नाही. त्याच गाळ्यावर कोपऱ्यात पडलेली वांगी मात्र उठून दिसतात, कारण प्रत्येक वांग्यावर उजेडाचा एक लांबट पट्टा पडलेला असतो. लसणाच्या गड्ड्या, कांद्याचा उडणारा पाचोळा, नारळाच्या शेंड्या, गोणपाटाची वीण, तराजूच्या साखळ्या. रंग असताना या सगळ्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

म्हणजे रंग आधीच बंद केले तर मी वेगळ्याच गोष्टीपाशी थांबते. नंतर बंद केले तर टोमॅटोचाच फोटो हातात असतो, फक्त करडा. एवढंच माझं म्हणणं आहे!

कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे मला जास्त चांगलं कळलं. पेशवाईपासूनची ही तांब्या-पितळेच्या कारागिरांची वस्ती. भांडं घडवून झालं की त्यावर ओळीने हातोडीचे ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्यातून तो छोट्या छोट्या आरशांसारखा चकाकणारा पृष्ठभाग तयार होतो. रंगीत फोटोत तांब्याचा तो तांबूस तेजाळ रंगच सगळी जागा खाऊन टाकतो, पाहणारा "आहाहा" म्हणून पुढे जातो. रंग काढा, की ठोके दिसायला लागतात. प्रत्येक ठोक्याला एक उजळ कड, एक काळी कड. तिथल्या एका आजोबांचा घंगाळ ठोकतानाचा फोटो मी प्रिंट करून त्यांना नेऊन दिला. आधी म्हणाले, "ताई, कलर नाही का आला? घरचे म्हणतील, म्हातारा अजून जिवंत आहे की!" (आपल्याकडे ब्लॅक अँड व्हाईट फोटो भिंतीवर हार घालूनच पाहायची सवय.) मग चष्मा लावून त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि घंगाळाच्या काठाजवळ बोट ठेवलं. "हा ठोका तिरका गेलाय बघा." मला तोपर्यंत तो दिसलाही नव्हता. इतक्या बारकाईने माझा एकही रंगीत फोटो कुणी पाहिलेला नाही.

आता कॅमेरा छोटाच का? मोठा डीएसएलआर गळ्यात असला की आळीत शिरताच लोक केस सारखे करतात, पोरं "काकू, आमचा काढा" म्हणत मागे लागतात, आणि कुणीतरी विचारतंच, "कुठल्या पेपरचे?" छोट्या कॅमेऱ्याला कुणी मोजत नाही. दुसरं म्हणजे त्याची साधी सोय. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, एफ 8 ला (बऱ्यापैकी बारीक) ठेवायचं, फोकस दोन मीटरवर बांधून टाकायचा. या लेन्सला आणि माझ्या कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरला मग साधारण एक मीटरपासून पार गल्लीच्या टोकापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. फोकसची वाट पाहणं संपलं. उन्हात स्क्रीन दिसत नाही अशी अशा कॅमेऱ्यांबद्दल तक्रार असते, ती खरी आहे. पण थोड्या दिवसांनी 28 मिलिमीटरमध्ये काय मावेल हे हाताला कळायला लागतं.

आपल्या आधीच्या पिढीने याहून साध्या डब्यावर घरादाराचे अल्बम भरलेत. बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक थ्री आठवत असेल. 120 नावाचा रुंद फिल्मचा रोल, बारा चौकोनी फोटो, आणि जुळवाजुळव करायला फारसं काही नाही. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचे 'इंदू' छापाचे कृष्णधवल रोल आणि कागदही तेव्हा चालायचे. तिकडे जपानमध्ये दाइदो मोरियामा यांनी हातात मावणारा रिको जीआर घेऊन टोकियोच्या शिंजुकूतल्या गल्ल्या टिपल्या. दाणेदार, काळेकुट्ट, कधी तिरके, कधी हललेले फोटो. मला त्यांचे सगळेच आवडत नाहीत, पण कॅमेरा खिशात असला की माणूस किती निर्धास्तपणे फोटो काढू शकतो ते त्यांच्याकडे पाहून कळतं.

एक फायदा नोकरदारांसाठी. रंगीत फोटोवाले पहाटे उठतात, नाहीतर संध्याकाळच्या सोनेरी उजेडाची वाट पाहतात. मला सुट्टी मिळते ती जेवणाच्या वेळेत, एप्रिलच्या भर उन्हात. पेठेतल्या अरुंद बोळात तेव्हा अर्धी भिंत पांढरीफटक आणि अर्धी काळी असते. रंगात ते भगभगीत दिसतं, ब्लॅक अँड व्हाईटला तेच हवं असतं. एक्स्पोजर थोडं खाली ओढायचं, म्हणजे फोटो जरा गडद ठेवायचा, सावल्या काळ्या झाल्या तर होऊ द्यायच्या. आणि पावसाळ्यात आपला काळा पाषाण आहेच. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाच्या ओल्या पायऱ्या एकदा रंगाशिवाय बघा.

सगळं काही ब्लॅक अँड व्हाईटमध्येच काढावं असं मात्र मी म्हणत नाही. फोटोग्राफर रघुवीर सिंग आयुष्यभर रंगातच काम करत राहिले, भारतीय नजर रंगातच पाहते असं त्यांचं म्हणणं होतं, आणि जेजुरीला गेलं की ते मला शंभर टक्के पटतं. सोमवतीला उधळलेला भंडारा रंगाशिवाय पाहिला तर रस्त्याचं काम चाललंय असं वाटतं. तिथे मी गुपचूप रंग चालू करते.

आणि माझा खरा राग आहे तो वारीतल्या फोटोंवर. आषाढ आला की फेसबुकवर रांग लागते. म्हातारा वारकरी, चेहरा अगदी जवळून, कॉन्ट्रास्ट इतका चढवलेला की सुरकुत्या म्हणजे दुष्काळी जमीन. खाली 'भक्ती'. अरे, त्या बाबांनी आत्ताच शेजारच्याला काहीतरी चावट विनोद सांगितला असेल! रंग काढल्याने फोटो आपोआप खोल होत नाही, आणि गरीब माणूस तर मुळीच नाही. ज्याच्या जवळ जाऊन दोन शब्द बोलायची हिंमत नाही, त्याचा चेहरा लांबून झूमने ओढून घेऊ नये, असं आपलं मला वाटतं. झूम नसलेल्या कॅमेऱ्याने हा मोह परस्पर मिटतो.

प्रिंटबद्दल एक सूचना. नेहमीच्या स्टुडिओत ब्लॅक अँड व्हाईट फोटो रंगीत कागदावरच छापतात, त्यामुळे कधी हिरवट, कधी जांभळट झाक येते. आधी एकच प्रिंट काढून उजेडात नेऊन पाहा, ठीक असेल तरच बाकीच्या सांगा. चार बाय सहाची प्रिंट पुरते. लोकांना वाटायला बरी पडते.

नवीन कॅमेरा घ्यायची गरज नाही, हेही सांगून टाकते. हल्ली या छोट्या कॅमेऱ्यांची हौस परत आली आहे आणि लोक काहीच्या बाही किमती सांगतात. मोबाइलमध्येही मोनो मोड असतो. नाहीतर बऱ्याच घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लग्नाच्या अल्बमशेजारी एक जुना डिजिटल कॅमेरा पडलेला असतो. तो काढा, मेनूत 'बी अँड डब्ल्यू' शोधा. फक्त बॅटरी आधी बाहेर काढून नीट पाहा. फुगलेली असेल तर चार्जिंगला अजिबात लावू नका, दुसरी आणा. कार्ड जुन्या प्रकारचं असेल तर ते वाचणारा रीडरही लागेल.