लातूरला गाडी का थांबवली

नमस्कार दादा. आधी वडिलांची तब्येत आता कशी आहे ते कळवा.

तुम्ही लिहिलंय की वडिलांना लकवा मारला, तुम्ही पुण्यात न्यूरोच्या डॉक्टरांशी बोलून बेड ठेवला होता, तरी आमच्या ॲम्ब्युलन्सने थेट पुणे न गाठता लातूरला एका हॉस्पिटलात नेलं. त्यात दोन तास वाया गेले, भाडं दुप्पट लावलं, ड्रायव्हरने फोन उचलला नाही. लांब बसलेल्या मुलाचा जीव अशा वेळी कसा टांगणीला लागतो हे आम्ही रोज बघतो, म्हणून तुमचा राग मला समजतो. पण ते दोन तास वाया गेले हे मला मान्य नाही.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तरी लकवा होतो आणि रक्तवाहिनी फुटली तरी होतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्तस्राव असताना तेच दिलं तर जिवावर बेततं. सीटी स्कॅनशिवाय फरक कळत नाही. लातूर ते पुणे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत सायरन लावून गेलं तरी सहा तास कुठे जात नाहीत, आणि तुमचं गाव तर लातूरच्याही पलीकडे. पुण्यातला बेड कितीही चांगला असला तरी तिथे पोचेपर्यंत इंजेक्शनची वेळ टळलेली असते. तार घालून गुठळी काढायची सोय मोठ्या शहरात असते, निवडक पेशंटना ती २४ तासांपर्यंतही चालते, पण ती कुणाला करायची हेसुद्धा स्कॅन बघूनच ठरतं.

आणि हे साडेचार तास घरच्यांनी बघितलं तेव्हापासून धरत नाहीत, माणूस शेवटचा नीट होता तेव्हापासून धरतात. म्हणून गाडीत पेशंटजवळ बसणारा आमचा मुलगा अंगणात पाय ठेवला की स्ट्रेचर काढता काढता तेच विचारतो. सगळे म्हणतात, आत्ताच झालं. मग शेजारची एखादी काकू सांगते, सकाळी गोठ्यावरून आले तेव्हाच शब्द अडखळत होते. झोपेतून उठतानाच झालं असेल तर रात्री झोपलेली वेळ धरावी लागते. ही वेळ कागदावर लिहून आम्ही डॉक्टरांच्या हातात देतो, तुमच्या वडिलांचीही दिली. स्कॅनमध्ये काय निघालं, काय उपचार झाले, ते मी इथे चार लोकांत लिहिणार नाही. फाइल आणि सीडी तुमच्या भावाकडे आहे.

भाडं जाऊन-येऊन किलोमीटरचं असतं, कारण पुण्याहून गाडी रिकामी परत येते. हे फोनवर आधी सांगितलं होतं. लातूरला थांबल्याचा एक रुपया लावलेला नाही, पावती बघा. पेशंट गाडीत असताना ड्रायव्हरने फोन घ्यायचा नाही हा माझा नियम आहे, तो बदलणार नाही. मागे बसलेल्या मुलाचा नंबर तुम्हाला दिला होता.

उद्या पुन्हा असा फोन आला तर गाडी आधी जवळच्या स्कॅनलाच जाईल. उलट तुम्ही आधी १०८ लाच लावा, ती सेवा फुकट आहे आणि गाडी जवळ असेल तर आमच्याआधी पोचेल. आमचं भाडं बुडालं तरी चालेल. तोवर तुम्ही पुण्यातून लातूर, अंबाजोगाई, नांदेड, जे जवळ पडेल तिथे फोन करून सीटी चालू आहे का आणि इंजेक्शन देणारे डॉक्टर हजर आहेत का ते विचारा. पुण्याच्या डॉक्टरांना स्कॅनचे फोटो व्हॉट्सॲपवर दाखवता येतात. पेशंट नंतर हलवता येतो.

एकदा झालेल्या माणसाला पुन्हा लकवा व्हायचा धोका असतो. म्हणून वडिलांच्या गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्ये आजच टाकून ठेवा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आवर्जून सांगा. आणि आईंना सांगून ठेवा, असं झालं तर तोंडात पाणी घालायचं नाही आणि मनाने बीपीची गोळीही द्यायची नाही.