हुंगायची कुपी आणि हार्ट अटॅक: त्या फॉरवर्डचं काय खरं, काय खोटं

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: अमाइल नायट्राइटची कुपी घरात ठेवा, छातीत कळ आली की फोडून हुंगवा, मिनिटभरात ब्लॉकेज मोकळा होतो. औषध पोटात जात नाही, म्हणून साइड इफेक्ट नाही. केमिकल कंपन्यांत कामगारांसाठी हेच ठेवतात, म्हणजे सुरक्षितच. दीडशे वर्षांचं जुनं औषध, पण डॉक्टर सांगत नाहीत.

रावपुऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. मेसेज आल्यापासून दोन-चार जण तरी रोज ही कुपी मागायला येतात. विकण्यात माझाच फायदा, तरी लिहितोय, कारण हा मेसेज धादांत खोटा नाही आणि म्हणूनच लोकांना पटतो.

औषध जुनं आहे हे अगदी खरं. बालार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८४४ मध्ये बनवलं. १८६७ मध्ये एडिंबरोत लॉडर ब्रंटन या तरुण डॉक्टरने ते रात्री-अपरात्री छातीत दुखणाऱ्या रोग्याला हुंगवलं. चेहरा लालबुंद झाला आणि मिनिटभराच्या आत दुखणं थांबलं. मेसेज इथेच संपतो. ब्रंटनने पुढे लिहिलंय, की दुसऱ्या रात्री नेहमीच्या वेळेला दुखणं बहुधा परत यायचं.

का यायचं, यातच पहिल्या दाव्याचं उत्तर आहे. नायट्राइटमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात. रक्त शिरांमध्ये थांबून राहतं, हृदयाकडे कमी परततं, त्याचा भार हलका होतो आणि कळ ओसरते. हा परिणाम तीन ते पाच मिनिटं टिकतो. हार्ट अटॅकमध्ये मात्र बहुतेक वेळा धमनीतला चरबीचा थर फाटून त्यावर रक्ताची गुठळी बसलेली असते. ती हुंगून विरघळत नाही. त्यासाठी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी लागते, आणि तीही वेळेत. ‘आता बरं वाटतंय, सकाळी बघू’ म्हणून माणूस झोपला, तर तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत राहतो. शिवाय प्रेशर एकदम खाली येऊन नाडी धावू लागते. हृदयाच्या उजव्या बाजूला अटॅक असेल, तर ही घसरण जिवावर बेतू शकते.

डॉक्टरांनी लपवलं म्हणाल, तर लपवलं काहीच नाही. १८७९ मध्ये मरेल या इंग्रज डॉक्टरांनी छातीतल्या कळेवर नायट्रोग्लिसरीनचा उपयोग दाखवला. मग मोजून देता येणारी, जास्त वेळ टिकणारी जिभेखालची गोळी आली आणि कुपी मागे पडली. तुमच्या घरातली सॉर्बिट्रेट याच घराण्यातली.

पोटात जात नाही म्हणून निर्धोक, हा दावा तर उलटाच आहे. फुप्फुसातून औषध अर्ध्या मिनिटात रक्तात पोचतं, थांबवायला सवडच मिळत नाही. डोकं ठणकतं, उभा माणूस कोसळतो. काचबिंदू किंवा डोक्याला मार असेल तर हे टाळतात. आणि एक गोष्ट, जी आपल्याकडे घरात कोणी बोलत नाही: सिल्डेनाफिलसारखी (म्हणजे व्हायग्रासारखी, लैंगिक ताकदीची) गोळी घेतलेल्या माणसाने हे हुंगलं, तर प्रेशर इतकं पडतं की जीव जाऊ शकतो. काकूंना ठाऊक नसतं की काकांनी काल काय घेतलं होतं. काका, बायकोला नाही तर निदान डॉक्टरला तरी सांगा.

आता कारखान्याचा मुद्दा. कुपी ०.३ मिलिलिटरची असते, वरून कापडी वेष्टण. बोटांनी दाबली की आतली काच फुटते, कापड ओलं होतं आणि पिकून उतरलेल्या फळासारखा उग्र वास येतो. सायनाइडशी काम असतं तिथे, उदाहरणार्थ इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये, ती प्रथमोपचारासाठी ठेवतात. नायट्राइट रक्तातल्या काही हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन करतं आणि ते सायनाइडला पकडतं. पुढे शिरेतून सायनाइडवरचे उतारे, म्हणजे सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट, किंवा हायड्रॉक्सोकोबालामिन, द्यायचे असतात. पण मेथेमोग्लोबिन ऑक्सिजन वाहत नाही! सायनाइडच्या रोग्यात जो गुण, तोच तुमच्या-माझ्यात दोष. जास्त हुंगलं तर ओठ निळे पडतात, रक्त तपकिरी दिसतं, ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकतो आणि ऑक्सिजनचा मास्क लावूनही फरक पडत नाही. तेव्हा मेथिलीन ब्लू हे उताऱ्याचं औषध लागतं, आणि जी-सिक्स-पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांना तेही जपूनच. आगीच्या धुरात सापडलेल्याला तर ही कुपी देणं आणखी धोक्याचं, कारण त्याचं हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने आधीच अडवलेलं असतं.

ऑनलाइन ‘रूम फ्रेशनर’ किंवा ‘लेदर क्लीनर’ म्हणून येणाऱ्या छोट्या बाटल्या औषधाच्या नसतातच. त्यांत बऱ्याचदा दुसरी नायट्राइटं असतात. आयसोप्रोपिल नायट्राइट हुंगणाऱ्यांच्या डोळ्यांचा पडदा बिघडल्याच्या नोंदी आहेत.

छातीत दुखलं तर माणसाला बसवा, १०८ ला फोन लावा. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ॲस्पिरिनची ३२५ ची गोळी चावून खायला द्या. जिभेखालची गोळी ज्याला डॉक्टरने लिहून दिलीय त्यालाच, तीही बसूनच.

कुपी आधीच मागवून बसला असाल, तर ती गॅस आणि समईपासून लांब ठेवा, हे द्रव्य झटकन पेट घेतं. बडोद्याच्या उन्हाळ्यात ते खराबही लवकर होतं. कोणी चुकून प्यालं तर हुंगण्यापेक्षा ते कितीतरी घातक. घरी उलटी काढत बसू नका, थेट दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या, म्हणजे मेथिलीन ब्लूचा निर्णय डॉक्टरला लगेच घेता येईल.